पायाजवळच्या तेरड्यापासून पलीकडच्या डोंगरापर्यंत: मीडियम फॉरमॅटमध्ये शार्प लँडस्केप

सप्टेंबरात कासच्या पठारावर तेरडा फुलला की एक फ्रेम हमखास डोळ्यांसमोर येते. खाली दोन हातांवर गुलाबी फुलांचा झुबका, मधे जांभ्याचा ओला सडा आणि वर ढगांत अर्धा बुडालेला डोंगर. मोबाइलने काढली तर ती तळापासून माथ्यापर्यंत शार्प येते. तीच फ्रेम मीडियम फॉरमॅटवर, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मच्या किंवा सेन्सरच्या कॅमेऱ्यावर घेतली की एक तर फुलं नीट येतात किंवा डोंगर. मग माणूस वैतागून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, शेवटच्या आकड्यापर्यंत बंद करतो आणि रोल धुऊन आल्यावर किंवा फाइल मॉनिटरवर उघडल्यावर दिसतं, की आता दोन्हीही थोडे मऊ आहेत.

कॅमेऱ्यात दोष नसतो. फोकस कुठे ठेवायचा, ॲपर्चर किती आणि कॅमेरा किती उंचीवर, या तीन गोष्टी चुकीच्या क्रमाने ठरवल्या जातात, एवढंच. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. उदाहरणं दोन कॅमेऱ्यांची घेतली आहेत: ६×७ सेंटिमीटरच्या फिल्म कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, आणि फुजीफिल्म जीएफएक्ससारख्या ४४×३३ मिमी सेन्सरवर ३२ मिमी. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

मीडियम फॉरमॅटवर डेप्थ कमी का पडते

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ साधारण ६ मिमी असते. ३५ मिमी फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्स जेवढा परिसर दाखवते, तेवढाच दाखवायला ४४×३३ वर ३० मिमी लागते आणि ६×७ वर ५० मिमी. परिसर तोच, पण लेन्स लांब. आणि डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जवळून दूरवर शार्प दिसणारा पट्टा, फोकल लेंग्थच्या वर्गाच्या हिशेबाने आक्रसते.

एफ/११ ला (हा ॲपर्चरचा आकडा; मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) या तिघांचं हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस केला असता अनंतापर्यंतचं सगळं ‘चालेल इतकं’ शार्प येतं ते अंतर, नेहमीच्या हिशेबाने असं येतं: फुल फ्रेमवर सुमारे १.८ मीटर, ४४×३३ वर २.२ मीटर, ६×७ वर ३.८ मीटर. शार्प भाग या अंतराच्या निम्म्यापासून सुरू होतो. म्हणजे फुल फ्रेमवाल्याचं फूल ९० सेंटिमीटरवर चालतं, तर ६×७ वाल्याचं १.९ मीटरवर हवं. फुल फ्रेमच्या एफ/११ एवढी डेप्थ ६×७ वर हवी असेल तर एफ/२२ लावावं लागतं, पूर्ण दोन स्टॉप जास्त (दर स्टॉपला उजेड निम्मा). फुल फ्रेमवरून आलेल्यांचे हात एफ/११ ला सरावलेले असतात. पहिले काही रोल वाया जातात ते याच सवयीने.

आधी प्रिंट ठरवा

वरच्या हिशेबातलं ‘चालेल इतकं’ फार महत्त्वाचं आहे. फोकसच्या बाहेरचा प्रत्येक बिंदू फिल्मवर छोटा गोल ठिपका होऊन पडतो. तो पुरेसा लहान असला की डोळ्याला बिंदूच वाटतो. किती लहान, तर ८×१० इंची प्रिंट हातभर अंतरावरून पाहताना साधारण ०.२ मिमीपर्यंतचा ठिपका खपून जातो. ॲप आणि तक्ते हेच गृहीत धरतात आणि ६×७ साठी ०.०६ मिमी, ४४×३३ साठी ०.०३७ मिमीच्या आसपास आकडा वापरतात. याच आकड्याला सर्कल ऑफ कन्फ्यूजन म्हणतात.

पण ८×१० प्रिंटसाठी कुणी मीडियम फॉरमॅटचं ओझं गडावर चढवत नाही. म्हणून आपला आकडा आपण काढायचा: ०.२ ला प्रिंट किती पट मोठा होणार त्याने भागायचं. १२×१८ इंची प्रिंटची लांब बाजू ४५७ मिमी. ६×७ ची खरी फ्रेम साधारण ५६×७० मिमी असते, म्हणजे साडेसहा पट. ०.२ भागिले ६.५ केलं की ०.०३१ येतं. ४४ मिमीच्या सेन्सरसाठी १०.४ पट, म्हणून ०.०१९. दोन्ही ठिकाणी ॲपच्या आकड्याच्या निम्मा!

याच आकड्यातून ॲपर्चरची वरची मर्यादाही मिळते. ॲपर्चर जितकं बंद कराल तितका प्रकाश कडांशी वळून पसरतो, याला डिफ्रॅक्शन म्हणतात. त्यानेही प्रत्येक बिंदूचा ठिपका होतो. त्याचा आकार मायक्रॉनमध्ये एफ-आकड्याच्या सुमारे १.३५ पट असतो: एफ/११ ला १५, एफ/१६ ला २१-२२, एफ/२२ ला ३०, एफ/३२ ला ४३. हा ठिपका आपल्या आकड्याहून मोठा झाला, की फोकस कितीही अचूक असला तरी सगळी फ्रेम मऊ पडते. लक्षात ठेवायला सोपं गणित: आपला आकडा मिलिमीटरमध्ये गुणिले ७५० म्हणजे शेवटचा चालणारा एफ-आकडा. १२×१८ प्रिंटसाठी ६×७ वर ०.०३१ × ७५० म्हणजे सुमारे एफ/२२. ४४×३३ वर ०.०१९ × ७५० म्हणजे एफ/१४. ही टोकाची रेघ आहे. जमेल तिथे एक स्टॉप अलीकडे थांबलेलं बरं.

१९३२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या साथीदारांनी ‘ग्रुप एफ/६४’ स्थापन केला. त्या नावामुळे ‘जितकं बंद तितकं शार्प’ असा समज आजही पुष्कळांचा आहे. ८×१० इंची निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंट काढला तर मोठेपणा एक पट असतो. ०.२ × ७५० केलं की १५० येतं. तिथे एफ/६४ ऐटीत बसतं. ४४ मिमीच्या सेन्सरला ते गणित लावायचं नाही.

जागेवर गेल्यावर, क्रमाने

*१. उंची ठरवा.* ट्रायपॉड उघडायच्या आधी हे करा, कारण फुकटात मिळणारी डेप्थ ही एवढीच. कॅमेरा समतल असेल तर फ्रेमच्या खालच्या कडेला दिसणारी जमीन कॅमेऱ्यापासून किती दूर असते ते उंचीवरून निघतं. ६×७ आडवा धरून ५० मिमी लावली तर उंचीच्या सुमारे १.८ पट, ४४×३३ वर ३२ मिमी लावली तर १.९ पट. ६×७ दीड मीटर उंचीवर असेल तर सर्वांत जवळची जमीन २.७ मीटरवर. तोच कॅमेरा ६० सेंटिमीटरवर आणला की ती एक मीटर आठ सेंटिमीटरवर येते. फुलं मोठी दिसावीत म्हणून नवखा माणूस लगेच ट्रायपॉड जमिनीला टेकवतो आणि एका झटक्यात डेप्थची गरज अडीच पट वाढवून बसतो. कंबरेएवढ्या उंचीवरूनही झुबका छान दिसतो का, ते आधी पाहा. कॅमेरा खाली झुकवलात तर जवळचं अंतर आणखी कमी होतं, हेही ध्यानात असू द्या.

*२. सर्वांत जवळची वस्तू मोजा.* अंदाज करू नका. सुताराकडे असतो तसा तीन मीटरचा टेप बॅगेत ठेवा. कॅमेऱ्याच्या अंगावर गोलातून जाणारी रेघ असते, ती फिल्मची किंवा सेन्सरची जागा. तिथून मोजा. फ्रेमचे खालचे दोन्ही कोपरे तपासा, कारण एखादं गवताचं पातं मधल्या फुलाच्याही अलीकडे घुसलेलं असतं. ते फ्रेमबाहेर काढा किंवा मोजणीत धरा. कासला मात्र फुलांत उतरून मोजायचं नाही. आखून दिलेल्या वाटेवरून हात पोचेल तेवढंच. पायाखाली जे चिरडतं तेच पाहायला आपण आलेलो असतो.

*३. दुप्पट अंतरावर फोकस करून सुरुवात करा.* जवळची वस्तू २ मीटरवर असेल तर फोकस ४ मीटरवर. मग ॲपर्चर काढा: फोकल लेंग्थचा वर्ग भागिले (आपला आकडा गुणिले फोकसचं अंतर), सगळं मिलिमीटरमध्ये. ६×७, ५० मिमी, १२×१८ प्रिंट: २५०० भागिले (०.०३१ × ४०००) म्हणजे २०. लावा एफ/२२. मर्यादेत बसलं.

आता जवळचं फूल दीड मीटरवर आहे असं धरा. फोकस ३ मीटरवर, उत्तर येतं २७. मर्यादा ओलांडली. इथे ट्रायपॉड अर्धा मीटर मागे घ्या, पुन्हा एफ/२२ मध्ये बसता. दोन पावलांत जवळजवळ एक स्टॉप मिळतो. आणि तीच फ्रेम समतल कॅमेऱ्याने दीड मीटर उंचीवरून घेतलीत तर? जवळची जमीन २.७ मीटरवर, फोकस ५.४ मीटरवर, एफ/१६ ला काम होतं.

ज्या दृश्यात अनंत नाही, उदाहरणार्थ २ मीटरवरचा दगड ते १० मीटरवरची देवळाची पायरी, तिथे फोकसचं अंतर असं काढा: दोन्ही अंतरांचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले दोन्हींची बेरीज. ४० भागिले १२ म्हणजे ३.३ मीटर. बरोबर मध्यावर, ६ मीटरवर फोकस केलात तर जवळचा दगड हातचा जाईल.

*४. आता फोकस थोडा पुढे ढकला.* ही पायरी बहुतेक तक्त्यांत नसते आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची हीच आहे.

हायपरफोकलवर फोकस केला की अनंतावरची गोष्ट ‘जेमतेम चालेल’ अशा काठावर बसते. लँडस्केपमध्ये सर्वांत बारीक तपशील नेमका तिथेच असतो: डोंगरावरची झाडी, तटबंदीचे दगड, कड्यावरच्या आडव्या थरांच्या रेघा. ५० मिमी लेन्स एफ/१६ ला घ्या. तिच्या छिद्राचा व्यास ५० भागिले १६ म्हणजे ३.१ मिमी. फोकस ३ मीटरवर ठेवला तर ३ किलोमीटरवरच्या डोंगरावर पडणारा धूसर ठिपका जवळजवळ ३ मीटरचा असतो, म्हणजे एक अख्खं झुडूप. फोकस ६ मीटरवर नेला की तो दीड मीटरचा होतो. आणि दीड मीटरवरच्या फुलाचं काय होतं? तिथला ठिपका १.६ मिमीवरून २.३ मिमीवर जातो. डोंगराचा तपशील दुपटीने सुधारला आणि फुलाचं नुकसान दीडपट झालं. तेरड्याची पाकळी सेंटिमीटरभर असते, ती हे सोसते. सीतेच्या आसवांसारखं नाजूक फूल नायक असेल तर सोसणार नाही. तिथे जवळच राहा.

कॅनडाच्या हॅरॉल्ड मर्कलिंगर यांनी हा विचार टोकापर्यंत नेला: फोकस सरळ अनंतावर ठेवा, मग फ्रेममधल्या कुठल्याही अंतरावर छिद्राच्या व्यासाएवढी वस्तू ओळखू येईल. ३.१ मिमीच्या छिद्राने समुद्रकाठचे गोटे दिसतील, वाळूचे कण मिसळून जातील. दूरचा डोंगर हाच विषय आणि जवळ नुसता खडक असेल, तर ही रीत बेधडक वापरा. एरवी आम्ही मधला मार्ग सुचवतो: जवळच्या अंतराच्या दुपटीऐवजी तिपटीच्या आसपास फोकस.

*५. उघड्या ॲपर्चरवर फोकस करा, मग बंद करून पाहा.* फिल्म कॅमेऱ्यावर वेस्ट-लेव्हल फाइंडरचं (वरून खाली पाहायच्या फाइंडरचं) भिंग उभं करून काचेवर फोकस करा. एफ/२२ ला काच इतकी काळी पडते की त्यावर फोकस होत नाही, फक्त तपासता येतं. तेही डोक्यावर काळं कापड घेऊन, डोळे अंधाराला अर्धा मिनिट सरावल्यावर. लेन्सवरची डेप्थची खूण वापरणार असाल तर ती ८×१० च्या हिशेबाची आहे हे विसरू नका. एफ/२२ लावलं असेल तर एफ/११ च्या खुणा वाचा, म्हणजे १२×१८ साठी बरोबर बसाल. हॅसलब्लाडच्या जुन्या सी मालिकेच्या लेन्सवर ॲपर्चरबरोबर सरकणाऱ्या दोन लाल खुणा असतात. त्याही याच सैल हिशेबाने चालतात.

जीएफएक्सवर मेनूमध्ये डेप्थ ऑफ फील्ड स्केलचे दोन पर्याय आहेत, पिक्सेल बेसिस आणि फिल्म फॉरमॅट बेसिस. दुसरा सैल, पहिला कडक. मोठा प्रिंट करायचा असेल तर पिक्सेल बेसिस ठेवा. निळी पट्टी फारच आखूड दिसेल, पण ती खरं बोलते. त्यानंतर लाइव्ह व्ह्यू मोठा करून आधी डोंगर, मग फूल, मग खालचे दोन्ही कोपरे असं फिरून या. रुंद लेन्सची फोकसची पातळी कोपऱ्यांकडे किंचित वाकते. मधलं फूल शार्प आणि कोपऱ्यातलं त्याच अंतरावरचं मऊ, असं दिसलं तर कारण तेच.

हॅसलब्लाडची ५० मिमी डिस्टॅगॉन सीएफ एफएलई वापरणाऱ्यांनी पुढची वेगळी कडीही फोकसच्या अंतराप्रमाणे लावायची. ती विसरली की कडा बिघडतात आणि लेन्स खराब निघाली असं वाटत राहतं.

एका फोटोत मावत नसेल तेव्हा

४४×३३ वर ३२ मिमी, फूल १.२ मीटरवर, प्रिंट १२×१८. फोकस २.४ मीटरवर धरला तर उत्तर एफ/२२ येतं आणि मर्यादा एफ/१४ ची आहे. मागे सरकायला जागा नाही. इथे फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो एकत्र जोडा.

एफ/८ ला हायपरफोकल अंतर काढा: १०२४ भागिले (०.०१९ × ८), सुमारे ६.७ मीटर. या आकड्याला अनुक्रमे १, ३ आणि ५ ने भागा. ६.७, २.२ आणि १.३ मीटर. पहिला फोटो ३.४ मीटरपासून अनंतापर्यंत सांभाळतो, दुसरा १.७ ते ३.४, तिसरा १.१ ते १.७. तीन फोटोंत फुलापासून डोंगरापर्यंतचं सगळं आलं. प्रत्यक्षात मधे एकेक जादा घ्या, पाच फोटो होतील, म्हणजे सांधे एकमेकांवर नीट चढतात. जीएफएक्सवर फोकस ब्रॅकेटिंग कॅमेराच करतो. सुरुवात जवळच्या टोकापासून. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ मॅन्युअल ठेवा, नाहीतर ढग सरकला की प्रत्येक फोटो वेगळ्या उजेडाचा येतो. जोडायला हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकर किंवा फोटोशॉप.

स्टॅकिंग फसतं ते वाऱ्याने. पहिल्या फोटोत फूल डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, मग जोडलेल्या चित्रात त्याला दोन कडा येतात आणि भोवती धुरकट वलय. वारा असेल तर फुलाचा फोटो वेगळा, शांत क्षणी दोन-तीनदा घ्या आणि हाताने मास्क करून बसवा. फूल आणि डोंगर यांच्यामधे उघडा सडा असेल तर सांधा तिथे सहज लपतो. फूल थेट आकाशावर किंवा डोंगरावर चढलेलं असेल तर लपत नाही.

दुसरा उपाय टिल्टचा. लेन्स पुढे झुकवली की शार्प पातळी उभी न राहता जमिनीवर आडवी पसरते. ऑस्ट्रियाच्या लष्करातले थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. १९६६ साली आलेल्या रोलाइफ्लेक्स एसएल६६ वर लेन्स ८ अंशांपर्यंत झुकते. आज फुजीफिल्मची ३० मिमी टिल्ट-शिफ्ट लेन्स मिळते. किती झुकवायचं याचं गणित: फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये भागिले लेन्सची जमिनीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये, गुणिले ५.७. ३० मिमी आणि १५० सेंटिमीटर म्हणजे १.१ अंश. ८० मिमी आणि १२० सेंटिमीटर म्हणजे ३.८ अंश. आकडे किती छोटे आहेत पाहा. नवखे थेट पाच-सहा अंश झुकवतात आणि काहीच जुळत नाही म्हणून नाद सोडतात.

कॅमेरा समतल ठेवा, मोजलेला कोन द्या, दूरच्या जमिनीवर फोकस करा, मग जवळची जमीन पाहा. जवळची मऊ असेल तर कोन जरासा बदला, पुन्हा दूरचा फोकस. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही जुळतात. मग एफ/८ किंवा एफ/११ पुरतं. पण शार्प भागाचा आकार पाचरीसारखा असतो, कॅमेऱ्याजवळ अगदी पातळ. जमिनीलगतचा तेरडा त्यात बसेल, जवळच उभं असलेलं कंबरेएवढं झुडूप बसणार नाही. सपाट पठार, भाताचं खाचर, वाळूचा किनारा इथे टिल्टसारखा उपाय नाही. दाट जंगलात त्याचा उपयोग नाही.

कॅमेरा हलतो, फूलही हलतं

एफ/२२ ची किंमत शटरमध्ये मोजावी लागते. पावसाळी ढगाळ दुपारी आयएसओ १०० ला एफ/२२ म्हणजे साधारण १/८ सेकंद. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला तर अर्धा सेकंद. डुलणाऱ्या फुलाला १/१२५ तरी हवं. म्हणून डिजिटलवर आयएसओ ८०० करायला अजिबात कचरू नका, १/६० मिळतं आणि वाऱ्याच्या दोन झुळकांमधली उसंत पकडता येते. थोडा नॉइज प्रिंटमध्ये दिसतही नाही. हललेलं फूल मात्र लांबूनही कळतं. फिल्मवर ४०० चा रोल भरा.

आरसा हा दुसरा शत्रू. ६×७ चा आरसा तळहाताएवढा, तो उसळला की ट्रायपॉडसकट सगळं थरथरतं, आणि १/१५ ते १/२ सेकंदाच्या मधे ते सर्वांत जास्त दिसतं. मामिया आरबी६७ वर लेन्सवरची मिरर-अपची कळ एन वरून एम वर फिरवा, केबल रिलीज लेन्सला लावा. बॉडीचं बटण दाबलं की फक्त आरसा वर जातो. पाच सेकंद थांबा, मग केबल दाबा. हॅसलब्लाड ५००सी/एम वर गुंडाळणीच्या दांड्याजवळची प्री-रिलीज कळ हेच काम करते. पेंटॅक्स ६×७ च्या सुरुवातीच्या बॉडींवर मिरर लॉक-अप नव्हतं, जुना घेताना पाहून घ्या. आरसा नसलेल्या डिजिटलवर इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन आणि दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, आणि वाळूत पाय रोवून दाबून बसवा. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, लांब एक्स्पोजरमध्ये कॅमेरा मिलिमीटरभर खचला तरी फोटो गेला.

फिल्मवाल्यांसाठी दोन गोष्टी

१२० चा, म्हणजे मीडियम फॉरमॅटचा, रोल मॅगझिनमध्ये (फिल्मच्या डबीत) रात्रभर पडून राहिला की रोलरभोवतीचा भाग वाकलेलाच राहतो आणि पुढच्या फ्रेममध्ये फुगवटा धरतो. म्हणून फिल्म फोटो काढायच्या क्षणी पुढे ओढा, काढून झाल्यावर लगेच नको. बंद ॲपर्चरवर हा दोष बराच झाकला जातो. ०.०३१ च्या आपल्या हिशेबाने एफ/१६ ला फिल्म अर्धा मिलिमीटर मागेपुढे चालते, एफ/२.८ ला जेमतेम ०.०९ मिमी.

पहाटे एफ/२२ ला एक्स्पोजर काही सेकंदांवर जातं. वेल्व्हिया ५० या फिल्मला ४ सेकंदांपासून एक्स्पोजर वाढवून द्यावं लागतं, १६ सेकंदांना दोन-तृतीयांश स्टॉप. प्रोव्हिया १००एफ १२८ सेकंदांपर्यंत काही मागत नाही. बंद ॲपर्चरवर काम करणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

मऊ आला तर दोष कुठे शोधायचा

सगळी फ्रेम सारखीच मऊ आणि कडांना एकाच दिशेने दुहेरी रेघ असेल तर कॅमेरा हलला आहे. सगळी सारखीच मऊ, पण दुहेरी रेघ नाही, म्हणजे ॲपर्चर फार बंद झालं किंवा लेन्सवर दव बसलं. सह्याद्रीत धुक्यातून बाहेर आल्यावर पुढची काच टॉर्चने तिरकी पाहायची सवय लावा. जवळचं शार्प आणि डोंगर मऊ: फोकस फार अलीकडे, चौथी पायरी पुन्हा वाचा. डोंगर मऊ, पण मधल्या अंतरावरची झाडंही लाटांसारखी वेडीवाकडी: तापलेल्या खडकावरची हवा थरथरते आहे. तिथे फोकसने काही होत नाही, सकाळी लवकर या. एकच बाजू मऊ असेल तर कॅमेरा उलटा धरून तोच फोटो घ्या. मऊ बाजू दृश्याबरोबर राहिली तर तिकडची वस्तूच जवळ होती. फ्रेमबरोबर फिरली तर लेन्स किंवा मॅगझिन तिरकं बसतं आहे, दुरुस्तीला द्या.

पठारावर जाण्याआधी गच्चीवर

एक सकाळ घरच्या गच्चीवर घालवा. कठड्यावर दीड मीटरवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवा, ३ मीटरवर एक कुंडी, आणि समोर किलोमीटरभर लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर फ्रेममध्ये घ्या. एफ/१६ वर फोकस ३, ४.५, ६, १० मीटर आणि अनंत असे पाच फोटो. मग फोकस ४.५ मीटरवर कायम ठेवून एफ/८, ११, १६, २२, ३२ असे पाच. ६×७ च्या एका रोलमध्ये बरोबर दहा फ्रेम बसतात. डिजिटलवर पंधरा मिनिटांचं काम.

निगेटिव्ह दहा पट लूपखाली (भिंगाखाली) किंवा फाइल शंभर टक्के मोठी करून पाहा. प्रत्येक फोटोत तीनच गोष्टी टिपा: छापलेली अक्षरं वाचता येतात का, कुंडीची कड स्वच्छ आहे का, टॉवरच्या सळ्या सुट्या दिसतात का. लेन्सवर लिहिलेलं अनंत आणि खरं अनंत यांत फरक असेल तर तोही इथेच उघडा पडतो. जुन्या लेन्समध्ये तो निघतो. मग ‘टॉवर शार्प, अक्षरं वाचता येतात’ असं जिथे दोन्ही जुळलं ते अंतर आणि तो एफ-आकडा कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलने लिहून लेन्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावा. प्रत्येक लेन्सचं झाकण वेगळं, म्हणून चिठ्ठीही वेगळी. पहाटेच्या अंधारात झाकण काढताना ते आकडे आपोआप समोर येतात.